अद्भुतातील सुरा आणि ‘प्याला’ हे क्रियापद

पौराणिक अद्भुतकथेत मद्यपान विपुल आहे; व्यसनी मनुष्य मात्र क्वचित भेटतो. हा भेद नाट्यविवेचनात सहसा निसटतो.

महाभारताच्या आदिपर्वात असुर कचाला जाळून त्याची रक्षा सुरेतून शुक्राचार्यांना पाजतात. पोटातून शिष्याचा आवाज येतो आणि शुक्राचार्य ब्राह्मणांच्या सुरापानाला कायमचा निषेध घालतात. कथेला एवढे एकच पान पुरते. त्याआधी ते किती वर्षे पीत होते, हे सांगण्याची तिला गरज भासत नाही. खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ (१९१३) याच कथेवर उभे आहे.

व्यसन ही पुनरावृत्तीची बाब. ‘तो प्याला’ हा साधा भूतकाळ तिला पेलत नाही. तिला ‘पिई’, ‘प्यायचा’ असा रीतिभूतकाळ लागतो. नांदेड-लातूरकडे, किंबहुना साऱ्या मराठी मुलखात, ‘तो पितो’ एवढेच म्हटले तरी भागते. सवय इतकी रुळलेली असते की कर्म गळून पडते. पाणी पिणाऱ्याविषयी असे कोणी बोलत नाही!

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या शीर्षकातले ‘एकच’ हे विशेषण शुक्राचार्यांच्या जगातले आहे. सुधाकराचा नाश एका प्याल्याने होत नाही. सनद गेल्याचा अपमान, तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला, मग निश्चय, मग पुन्हा पतन, असा तो काळ खात जातो. शीर्षक आणि संविधानक यांतील हा विरोध दोष मानावा काय? तसे वाटत नाही. पिणाऱ्याची आत्मवंचना त्या ‘एकच’मध्येच बोलते. आर्य मदिरा मंडळ हे मात्र नाटकातले अद्भुताचे बेट होय. तेथे तर्कट आहे, डौल आहे, पण उद्याची सकाळ नाही. म्हणूनच तेथे हसता येते.

खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) पौराणिक राजाला सवय जडते, कारण आत्मनिवेदनामुळे त्याला स्वतःची वर्षे मोजता येतात.

नाटकातून केवळ पहिला प्याला टाळण्याचा बोध काढला, तर नांदेड-लातूरच्या वर्गात ‘प्यायचा’ हे रूप घरातूनच ओळखीचे असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. त्याने पाहिलेला काळ सिंधूच्या प्रवेशांत आहे. पती पीत असताना दळण दळून घर चालविणारी तीच असते, आणि दळणही रोजचेच.