झीलकऱ्यांशिवाय

कॉलेजात असताना फोक रॉक म्हणजे बॉब डिलन, एवढंच मला माहीत होतं. गिटार, तोंडाशी हार्मोनिका आणि एकटा माणूस. २०१६ला त्याला नोबेल मिळालं तेव्हा हॉस्टेलवर आम्हीच उगाच कॉलर ताठ करून फिरलो होतो. हेडफोन लावले की तो फक्त माझ्यासाठी गातोय असं वाटायचं.

विलास घोगरे भेटले ते नोकरी लागल्यावर, बदलापूर लोकलमध्ये. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' (२०११) तीन तासांहून मोठी. मी ती घाटकोपरपर्यंतच्या प्रवासात तुकड्यातुकड्यांनी पाहिली. याच घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर घोगरेंनी आत्महत्या केली.

हे कळल्यावर त्यांचं गाणं ऐकताना घसा दाटतोच. पण मला शंका यायला लागली. रडू गाण्याचं येतंय की बातमीचं? म्हणून पटवर्धनांचीच 'हमारा शहर' (१९८५) पाहिली. त्यात घोगरे हयात आहेत, गातायत, आणि पुढचं कुणालाच ठाऊक नाही.

तर ते गाणं रडत नाही. लोकांना हाक मारून जवळ बसवतं आणि कष्टकऱ्याची कहाणी सांगायला घेतं. आवाजात कीव नाही. घोगरे दुःख सांगतात ते हिशोब मांडल्यासारखं, आणि हिशोब म्हटला की समोर कुणीतरी देणेकरी असतो. मला टोचलं ते इथे. डिलन ऐकताना मी एकटाच पुरेसा होतो. इथे मी 'लोकां'पैकी एक होतो, आणि कदाचित देणेकऱ्यांपैकीही.

शाहिरी बांधलेलीच असते तशी. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी उचलतात, पुढ्यातली माणसं टाळी धरतात. ती उचल गाण्याच्या रचनेतच असते, वरून लावलेली सजावट नव्हे. इअरफोनमध्ये ती जागा रिकामी राहते, आणि आपण त्या पोकळीलाच दर्द समजतो. (निदान मी समजत होतो.)

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये हे नेमकं पकडलंय. गाणी संभाजी भगतांची, पडद्यावर शाहीर झालेत वीरा साथीदार. दुसरा कुणी असता तर शाहिराच्या डोळ्यांचा क्लोजअप घेऊन मोकळा झाला असता. इथे कॅमेरा लांब उभा राहतो, त्यामुळे साथीदार, स्टेज, बसलेली माणसं सगळं दिसतं, आणि त्याच चौकटीत पोलीसही येतात. ज्या गाण्यासाठी खटला चालतो ते मात्र ऐकूच येत नाही. गाणं कोर्टात पोचलं की त्याचा फक्त मजकूर उरतो.

गेल्या एप्रिलमध्ये उल्हासनगरला मित्राच्या वस्तीत जयंतीला गेलो होतो. रस्त्यावर डीजे इतका मोठा की छाती हादरत होती. आतल्या गल्लीत मात्र सात-आठ जणांचं पथक ढोलकी आणि डफ घेऊन गात होतं. माईक मध्येच बंद पडला. मुख्य गाणाऱ्याने ओळ तशीच टाकली, आणि ती उचलली माझ्या शेजारच्या आजींनी, मग पुढच्या पोरांनी, मग ओट्यावरच्यांनी. दुसऱ्या फेरीला मीही तोंड उघडलं, अर्धी ओळ उशिरा. आजींनी न बघताच कोपराने ढोसलं, 'जोरात म्हण रे.'