ओळख पटली, मोजणीचे काय?

समुद्राचे पाणी बारीक जाळीतून गाळले की मागे जो लगदा उरतो, त्यात शिंपले, खेकडे, कोळंबी यांचे असंख्य डिंभ असतात. त्यांचे रूप आईबापांशी जुळत नाही. शिवाय दोन जातींच्या शिंपल्यांचे डिंभ एकमेकांसारखे इतके दिसतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे काढताना तज्ज्ञही हात टेकतात. जनुकीय पद्धतींनी ही अडचण सोडवली, असे सर्रास सांगितले जाते. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे.

आधी खरा अर्धा पाहू. 'सेरॅटास्पिस मॉन्स्ट्रोसा' या शिंगे आणि चिलखत असलेल्या विचित्र प्राण्याचे वर्णन १८२८ मध्ये झाले. तो बहुधा माशांच्या पोटातच सापडे. हा कुणाचा तरी डिंभ असावा अशी शंका होती, पण प्रौढ कोण हे कळेना. अखेर मेक्सिकोच्या आखातात मिळालेल्या एका डिंभाचा डीएनए प्रौढ कोळंब्यांशी ताडून पाहिला आणि २०१२ मध्ये उत्तर मिळाले: खोल समुद्रातील 'प्लेसिओपेनियस आर्मेटस' ही कोळंबी! १८४ वर्षांचे कोडे सुटले. यात खोट काढायला जागा नाही.

पण तिथे डिंभ एकच होता आणि प्रश्न 'कोण?' असा होता. 'किती?' असे विचारले की गाडी अडते. मोजणीसाठी बहुधा सगळा लगदा एकत्र वाटतात, त्यातील डीएनए काढतात, एका ठरावीक जनुकाच्या तुकड्याच्या पीसीआरने असंख्य प्रती करतात आणि त्या यंत्राकडून वाचून घेतात. शंभर वाचनांत चाळीस एका जातीची आली, तर डिंभही शेकडा चाळीस, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

गणित करून पाहा. पीसीआरच्या दर फेरीत प्रती दुप्पट होतात असे धरले, तर ३० फेऱ्यांनंतर एका तुकड्याच्या सुमारे १०७ कोटी प्रती होतील. दुसऱ्या जातीच्या डीएनएवर प्रक्रियेची सुरुवात करून देणारा तुकडा थोडा कमी चपखल बसला आणि दर फेरीत प्रती १.९ पटच झाल्या, तर ३० फेऱ्यांनी होतील सुमारे २३ कोटी. सुरुवातीला दोन्ही सारख्या, शेवटी तफावत साडेचार पटींहून अधिक! हा हिशेब वर्गात गणनयंत्रावर पाच मिनिटांत होतो. त्यात भर म्हणजे वाढलेल्या डिंभात पेशी जास्त, म्हणून डीएनएही जास्त. एक थोराड डिंभ दहा कोवळ्यांच्या बरोबरीचा भासू शकतो.

याने बिघडते काय? जहाजे तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरून घेतात व दुसऱ्या बंदरात सोडतात. त्यातून परके जीव पसरतात. मूळची अमेरिकेकडची 'मायटिलॉप्सिस सॅली' ही शिंपली मुंबई व विशाखापट्टणमच्या बंदरांत आढळली आहे. २०१७ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रोमीटर वा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला दहापेक्षा कमी असावे लागतात. शिंपल्यांचे डिंभ याच मापात येतात. नियमातले दोन्ही शब्द अवघड आहेत: 'दहा' आणि 'जिवंत'. अतिनील किरणांनी नुकत्याच मारलेल्या डिंभातही डीएनए असतोच. परकी जात आली का, हे अशा चाचणीने फार लवकर कळेल. पण पाणी नियमात बसते की नाही, हे वाचनांच्या टक्केवारीवरून ठरवणे म्हणजे भाताच्या वासावरून पंगतीतली माणसे मोजणे.

दुसरी वाट आहे. डिंभ न वाटता, विशिष्ट जातीच्या आरएनएला चिकटणारा चमकता रंग अख्ख्या डिंभात सोडायचा आणि चमकणारे डिंभ सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायचे. जात जनुकाने ठरते, संख्या डोळ्यांनी. काम संथ आहे, आणि प्रत्येक जातीसाठी वेगळा रंगीत तुकडा आधी तयार असावा लागतो. म्हणूनच कदाचित तिचा गाजावाजा कमी होतो.