आज्ञा लिहिण्याची रीत

तांत्रिक पुस्तिकांची समीक्षा करण्याची आपल्याकडे प्रथा नाही. तरीही प्रिंटरच्या आज्ञांचे एप्सन कंपनीचे १९९७ सालचे ईएससी/पी संदर्भपुस्तक आम्हांला समीक्षेस पात्र वाटते. कारण लिहिलेले आणि अभिप्रेत यांत अंतर पडू नये, ही लेखनाची मूळ चिंता त्याने वाहिली आहे.

पुढे येणारा मजकूर छापायचा नसून ती आज्ञा आहे, हे प्रिंटरला कळावे म्हणून आरंभी 'एस्केप' हे न छापले जाणारे चिन्ह येते. त्याचा संकेतांक २७. ओळींमधील अंतर ठरवणारी आज्ञा 'एस्केप ३ एन' अशी लिहितात. येथे ३ हे चिन्ह आहे, त्याचा संकेतांक ५१. एन ही मात्र थेट संख्या. चोवीस सुयांच्या प्रिंटरवर इंचाचे १८० भाग कल्पून त्यांतील एन भाग अंतर सुटते. संख्या ३० पाठवली, तर इंचाचा सहावा भाग. परंतु कोणी ३ आणि ० ही दोन चिन्हे टंकली, तर प्रिंटर पहिल्याचा संकेतांक ५१ हेच माप धरतो आणि उरलेले शून्य कागदावर छापून मोकळा होतो.

यासाठी पुस्तक प्रत्येक आज्ञा तीन ओळींत देते: चिन्हांत, दशमान अंकांत आणि षोडशमान अंकांत. '२७ ५१ एन' ही ओळ वाचताच शंका उरत नाही. ही पुनरुक्ती अर्थनिश्चितीसाठी आहे.

ह्यूलेट-पॅकार्डच्या पीसीएल भाषेत संख्या अंकचिन्हांनीच लिहितात; तेथील अडचण निराळी. आडव्या पानाची आज्ञा 'एस्केप, अँपरसँड, लहान एल, १, मोठा ओ' अशी आहे. रोमन छपाईत एल व १, ओ व शून्य यांची गल्लत सहज होते. कंपनीच्या पुस्तिका ही जुळी अक्षरे शेजारी मांडून वाचकाला सावध करतात. हेतू प्रामाणिक आहे. पण असा वाचक पुस्तिका सलग वाचत नाही, हवी ती आज्ञा तेवढी शोधतो. सूचना मागेच राहते. एप्सनची रीत आम्हांला श्रेष्ठ वाटते ती यामुळेच.

मराठीत अशी पुस्तिका लिहिणाऱ्याने तर ती अवश्य पाळावी. रोमन अंकचिन्ह एकचा संकेतांक ४९ आहे; देवनागरी '१' चा तो नव्हे. चिन्ह लिपीबरोबर बदलते. संकेतांक मात्र कोणत्याही लिपीत लिहिला, तरी संख्या तीच राहते.