सामान वर आले

दर वर्षी सहामाही परीक्षेच्या आधी मी नववीच्या वर्गाला ‘आमची सहल’ या विषयावर निबंध लिहायला सांगतो. गेल्या वीस वर्षांत असे हजारभर निबंध तरी मी तपासले असतील. ते सारे एकाच माणसाने लिहिले असावेत अशी मला अनेकदा शंका येते. पहाटे सर्वजण शाळेच्या आवारात जमतात. गाडी येते. निसर्ग आपल्या सौंदर्याची मुक्तहस्ताने उधळण करीत असतोच. दुपारी जेवण होते, सायंकाळी सूर्य मावळतो आणि जड अंतःकरणाने मंडळी परततात. मी तांबड्या शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारतो आणि दहांपैकी सहा गुण देतो. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जे वाचले तेच ती लिहितात, आणि त्यांनी जे वाचले ते आम्ही मोठ्यांनी लिहिले आहे.

आमची शाळा माथेरानच्या पायथ्याच्या अंगाला आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात वरचा, म्हणजे माथेरानचाच, एक मुलगा होता. मामाकडे राहून शिकत असे. त्याने लिहिलेला निबंध जेमतेम पाऊण पान भरला होता. तो सहलीला कधी गेला नव्हता. लोकच त्याच्या गावी सहलीला येत. त्याचे वडील हातरिक्षा लावीत. पुढे एक माणूस आणि मागे दोन, अशी तीन माणसे एक रिक्षा नेतात. वडील मागच्यांतले. मुलाने लिहिले होते की, चढावर पुढचा माणूस थकतो असे पाहुण्यांना वाटते, पण उतारावर मागच्याला गाडी धरून ठेवावी लागते, तेव्हा त्याच्या पोटऱ्यांना गोळे येतात. पाहुणे उतारावर गप्पा मारतात, कारण त्यांना वाटते की आता यांना त्रास नाही. मेमध्ये आई रात्री उशिरा येते, कारण ती हॉटेलात भांडी घासते. निबंध येथेच संपला होता. सूर्य मावळलाच नव्हता. मी त्याला पाच गुण दिले. ‘निसर्गवर्णन हवे होते’ असा शेराही मारला. तो शेरा मला आजही पाठ आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. समीक्षेची परिभाषा मला येत नाही आणि या वयात ती येईल अशी आशाही नाही. मला येते ते व्याकरण. म्हणून जे म्हणायचे आहे ते व्याकरणातूनच म्हणतो. आपल्या थंड हवेच्या ठिकाणांविषयीच्या लेखनात कर्ता बेपत्ता असतो. ‘सामान वर आले.’ ‘चहा आला.’ ‘खोली आवरून झाली.’ ‘घोडे सज्ज होते.’ वाक्य शुद्ध आहे, प्रयोगही बरोबर आहे. तरी सामान आपल्या पायांनी वर आले नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. शाळेत मी विचारतो, ‘सामान आले’ यात कर्ता कोणता? मुले म्हणतात, ‘सामान’. व्याकरणाप्रमाणे उत्तर बरोबर आहे, म्हणून पूर्ण गुण द्यावे लागतात.

ही सवय कोठून लागली असावी याचा विचार करताना मला माथेरानच्या जन्मकथेकडे जावे लागले. कोणतेही मार्गदर्शक पुस्तक उघडा. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला, हे वाक्य पहिल्याच पानावर सापडेल. मॅलेटसाहेब चौकच्या बाजूने डोंगर चढले तेव्हा गावचा पाटील बरोबर होता. ज्याला वाट ठाऊक होती त्याने काही शोधले नाही आणि ज्याला ती दाखवावी लागली त्याने शोध लावला! डोंगरावर धनगर, ठाकूर, कातकरी यांचा वावर होताच, आणि माथ्यावरचे रान हे नाव काही साहेबाने ठेवलेले दिसत नाही. पण जागोजागची टोके लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, एको झाली आणि तळ्याला शार्लटचे नाव मिळाले. साहेब गेला तरी त्याचे वाक्य आपल्याकडे राहिले. आमचा मराठी प्रवासी मुंबईहून येऊन टोकावर उभा राहतो तेव्हा तोही दरी पहिल्यांदाच शोधीत असतो. मागे घोड्याचा लगाम धरून उभा असलेला माणूस त्याच्या लेखात येत नाही. आलाच तर ‘एक स्थानिक’ म्हणून येतो आणि टोकाचे नाव सांगून निघून जातो.

याउलट आपले जुने प्रवासवर्णन पाहावे. माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. त्याच साली चिंतामणराव वैद्यांनी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ छापून प्रकाशात आणला. गोडसे भटजी पेण तालुक्यातल्या वरसईचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने हा गरीब ब्राह्मण काकाबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. लोक हे पुस्तक इतिहासासाठी वाचतात, ते योग्यच आहे. मला मात्र त्यात दिसतो तो दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला प्रवासी. जेवण कोणी घातले, दक्षिणा किती दिली, वाटेत कोणी लुटले, हे सारे त्याला सांगावेच लागते. कर्ता गाळणे त्याला परवडणारे नव्हते. परतताना आईबापांसाठी गंगेची कावड त्याने घरी आणली. त्या पुस्तकात सामान वर येत नाही. भटजी ते आणतात.

गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्येही हाच धागा आहे. परिक्रमावासीला मागावे लागते, म्हणून देणाऱ्याचे तोंड पाहावे लागते. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच वाटेने चालणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात हे त्यांना सलले, आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते नोंदवले. परदेशी गेलेले आमचे लेखकही डोळे उघडे ठेवतात. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ किंवा गंगाधर गाडगीळांचे ‘सातासमुद्रापलीकडे’ आपण देखाव्यांसाठी थोडेच वाचतो? त्यांत माणसे आहेत. लंडनमध्ये आपण परके असतो आणि परक्याला माणसांकडे पाहावेच लागते. तोच मराठी माणूस नेरळच्या फलाटावर उतरला की मालक होतो आणि त्याची दृष्टी झाडांवर स्थिरावते. पैसे मोजलेले असले की पाहण्याची गरज उरत नाही, असे काहीसे हे असावे.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल की, हमालाचे दुःख आमच्या साहित्यात काही कमी आलेले नाही. आले आहे, आणि माझी दुसरी तक्रार त्याबद्दलच आहे. जो हमाल आमच्या कथेत येतो तो घामाने डबडबलेला, खोकणारा आणि मूक असतो. शेवटच्या परिच्छेदात तो मरतो. हाही कर्ता गाळण्याचाच प्रकार. खरा हमाल भाव सांगतो, भांडतो, ओळखीच्या गिऱ्हाईकाला सवलत देतो आणि अनोळख्याला प्रसंगी नाडतोही. मार्च २०२५ मध्ये माथेरानच्याच लोकांनी पर्यटकांच्या फसवणुकीविरुद्ध गाव बंद ठेवले होते. दस्तुरी नाक्यावर, जेथे मोटारी थांबतात, नवख्या माणसाला चुकीचे सांगून घोड्यावर बसवले जाते अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे दुकानदार एका बाजूला आणि घोडेवाले दुसऱ्या बाजूला. दोघांचीही चूल पाहुण्यांवरच पेटते.

तिसरी बाजू हातरिक्षावाल्यांची. माथेरानात मोटारीला बंदी, आणि २००३ पासून तो सारा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षित आहे. त्या बंदीमुळे झाडे वाचली, हवा स्वच्छ राहिली आणि पाहुण्यांना शांतता मिळाली. त्या शांततेचे ओझे माणसाच्या आणि जनावराच्या खांद्यावर पडले. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रयोगादाखल वर आल्या तेव्हा ज्यांनी जन्मभर गाडी ओढली त्यांना हायसे वाटले. घोडेवाल्यांनी विरोध केला. चारशेच्या वर घोडे आहेत, त्यांच्या पोटाचे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. सहा महिन्यांत हातरिक्षा बंद कराव्यात आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे. निकाल वाचून मला आनंद झाला. नंतर मनात आले, पावणेदोनशे वर्षांत जे वाक्य न्यायालयाला लिहावे लागले ते आमच्यापैकी एकाही कादंबरीकाराला का सुचले नाही?

पर्यटन वाईट, असा माझा सूर नाही. तसे म्हणण्याचा अधिकार खाली राहणाऱ्या पगारदार मास्तराला नाहीच. पाच हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावात शेती नाही, कारखाना नाही. चपला, चिक्की, खोल्या, घोडे यांवर मुले शिकतात. २०२० च्या टाळेबंदीत डोंगर चित्रासारखा निर्मनुष्य झाला होता. निसर्गप्रेमींनी त्याचे कौतुक केले, आणि वर लोक घोड्यांना चारा कोठून आणावा या विवंचनेत होते. ही गुंतागुंत कादंबरीची आहे. याच गावात एका नाभिकाच्या घरी १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले, वकील झाले, बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. पाहुण्यांची सेवा करणाऱ्या वस्तीतून भाई कोतवाल उभे राहतात, आणि आमच्या कथेतला माथेरानकर अजून ‘जी साहेब’ म्हणून छत्री पुढे करतो!

आता स्वतःकडे येतो. माझी एक कादंबरी आहे. फार कोणी वाचली नाही, त्यामुळे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्या सातव्या प्रकरणात नायक-नायिका माथेरानला जातात. नायिकेचा पाय मुरगळलेला असतो म्हणून ती रिक्षात, आणि नायक बाजूने चालत असतो. तांबड्या वाटेवर सावल्या पडलेल्या आहेत. त्या एकांतात नायिका आपल्या पहिल्या लग्नाविषयी, जे तिने आजवर कोणालाही सांगितलेले नसते, ते सांगते. हे प्रकरण मला प्रिय होते. एका अभिप्रायात त्याचा ‘काव्यात्म’ म्हणून उल्लेखही झाला होता.

तो वरचा मुलगा आता बापडा संसाराला लागला आहे. मध्यंतरी बाजारात भेटला. म्हणाला, “सर, तुमचं पुस्तक वाचलं.” मी सुखावलो. तो थोडा घुटमळला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, ती बाई बोलते तेव्हा रिक्षा कोण ओढतंय?”

मी घरी येऊन पान काढले. ‘रिक्षा हळूहळू वर चढत होती.’ कर्ता, रिक्षा. तीन माणसे हातभर अंतरावर असताना माझी नायिका आयुष्यातले सर्वांत मोठे गुपित सांगते, आणि मी त्याला एकांत म्हटले होते! नवशिक्याची चूक म्हणून ती सोडून देता आली असती. पण तसे नव्हते. ती तिघे तेथे असल्याचे मला लिहिताना ठाऊक होते. त्यांना ऐकू येत नाही असे मी गृहीत धरले होते, आणि नायिकेनेही, आणि अभिप्राय लिहिणाऱ्यानेही.

मग मी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले. दुसरी आवृत्ती निघणार आहे असे नव्हे. प्रकाशकाने तशी काही इच्छा दाखवलेली नाही. पहिल्या ओळीत तीन माणसे आणली. लगेच नायकाला भाव ठरवावा लागला, आणि भाव ठरवताना त्याचा स्वभाव बदलला. मला तो उदार वाटत होता. चढावर मागचा एक जण दम घ्यायला थांबला तेव्हा नायिका खाली उतरू का म्हणाली. उतरलो तर पैसे देणार का, असे त्याने विचारले. पुढे उतार लागला. तेथे तिने बोलायला तोंड उघडले, आणि मागच्या दोघांनी टाचा रोवून गाडी धरलेली मला दिसली. मी लेखणी थांबवली. अकरा ओळींची नऊ पाने झाली आहेत. बाजार अजून अर्ध्या मैलावर आहे आणि नायिका अद्याप काही बोललेली नाही.