मूळ, नक्कल आणि दुरुस्ती : जुन्या रिमोट मोटारींच्या सुट्या भागांची चिकित्सा

रिमोटवर चालणाऱ्या जुन्या शर्यतीच्या मोटारी जमवणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. गाडी हातात घ्यायची, उलटी करून तिचं पोट न्याहाळायचं आणि मग विचारायचं, ‘सगळं ओरिजिनल आहे ना?’ उत्तर ‘हो’ आलं तर गाडीची किंमत चढते, ‘नाही’ आलं तर उतरते. या प्रश्नामागे एक गृहीतक आहे. मूळ कंपनीच्या कारखान्यातून आलेला भाग तेवढा अस्सल, आणि बाहेरच्या कुणी घडवलेला भाग म्हणजे भेसळ. बाहेरच्यांनी बनवलेल्या अशा भागांना या छंदात ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात. हे गृहीतक तपासून पाहणं हा या लेखाचा हेतू आहे. तो निव्वळ अभ्यासाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे अशी एकच गाडी आहे, तिच्यात अशी एक भेसळ आहे, आणि ती काढावी की ठेवावी याचा निर्णय मला दोन वर्षं घेता आला नव्हता.

माझी गाडी म्हणजे तामिया कंपनीची ग्रासहॉपर. मामा मालवाहू जहाजावर होता. १९८६ साली जपानच्या फेरीवरून परतताना त्याने हे खोकं आणलं. आत तयार गाडी नव्हती, सुटे भाग होते. ते जोडायला आम्हाला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली. पुढच्याच महिन्यात मी ती गाडी चिंचवडच्या आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर भरधाव आदळवली. चूक सर्वस्वी माझी. पुढच्या उजव्या चाकाला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा आर्म तुटला. मामा परत बोटीवर गेला होता आणि असा भाग कुठे मिळतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांनी तुटलेले दोन तुकडे जुळवून मापं घेतली आणि चार दिवसांनी ॲल्युमिनियमचा आर्म घडवून आणला. गाडी पुन्हा धावू लागली. आज तोच आर्म संग्राहकांच्या भाषेत ‘नॉन-ओरिजिनल’ आहे.

‘मूळ’ म्हणजे काय, हे ठरवण्याआधी या गाड्या कशासाठी बनल्या ते पाहायला हवं. इथे दोन वेगळ्या परंपरा दिसतात. पहिली जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामियाची. या कंपनीची पहिली रिमोट मोटार म्हणजे १९७६ची पोर्शे ९३४. १९७९मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या वाळूत, मातीत धावणाऱ्या बग्ग्या आल्या, तर १९८४मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट. खोक्यावरचं देखणं चित्र, आतले स्टिकर, पायरीपायरीने नेणारी माहितीपुस्तिका, असा हा बांधीव ऐवज असे. ग्रासहॉपरची रचना तर साधेपणाचा नमुनाच आहे. टबासारखी प्लॅस्टिकची चासी, मागची मोटर, गिअरबॉक्स आणि आस मिळून एकच ठोकळा, आणि मोटर छोटी, ३८० वर्गातली. हॉर्नेट याच चासीवर उभी राहिली, पण तिला ५४० वर्गातली दणकट मोटर मिळाली आणि मागे तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर मिळाले. म्हणजे ग्रासहॉपरची ‘सुधारून वाढवलेली’ आवृत्ती खुद्द कंपनीनेच त्याच वर्षी बाजारात आणली होती. एका चासीवर वेगळे भाग चढवून वेगळी गाडी करता येते, हे छंदवाल्यांना शिकवलं ते कंपनीनेच.

दुसरी परंपरा कॅलिफोर्नियातली, टीम असोसिएटेड या कंपनीची. तिथे रॉजर कर्टिस यांनी रचलेली आरसी-१० ही गाडी १९८४मध्येच आली. सोनेरी ॲनोडाइझ केलेली ॲल्युमिनियमची चासी, चारही चाकांना तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर आणि नायलॉनचे लांब आर्म. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे एक-दशांश मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिच्यात दोन चाकांना गती देणाऱ्या गाड्यांच्या गटात जे हॅल्सी यांनी आरसी-१० घेऊन विजेतेपद मिळवलं. या गाडीच्या खोक्यात मोटर नव्हती, बॅटरीही नव्हती. ती विकत घेणाऱ्यानेच पुरी करायची होती. मग एमआयपीसारख्या कंपन्यांचे ड्राइव्ह शाफ्ट आले, नोव्हाकसारख्यांचे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर आले. त्याआधीची यांत्रिक सोय म्हणजे सर्व्होने सरकणारा एक संपर्क आणि तापणारा रेझिस्टर. नायलॉनचे पांढरट आर्म कापड रंगवायच्या रंगाच्या उकळत्या पाण्यात टाकून काळे करण्याची रीत शर्यतवाल्यांमध्ये होती. तिचा फायदा नुसता दिसण्यापुरता नव्हता. नायलॉन पाणी शोषतं आणि पाणी शोषलेलं नायलॉन कमी ठिसूळ असतं. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात शिजवलेला हा आर्म आज कोणत्या खात्यात टाकणार, मूळ की भेसळ?

माझा पहिला आक्षेप इथे आहे. ‘सगळं ओरिजिनल’ असलेली आरसी-१० ही काचेच्या कपाटातली अवस्था आहे, मैदानावरची नव्हे. १९८५च्या मातीत धावलेली गाडी तिच्या मालकाने आणि आसपासच्या छोट्या कारखान्यांनी मिळून पुरी केलेली असे. तिच्यावरचे त्या काळातले बाहेरचे भाग काढून कंपनीचेच भाग चढवणं म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, इतिहास खोडणं आहे. तामियाच्या बांधीव गाडीला जो निकष लागतो, तो शर्यतीच्या अपुऱ्या गाडीला लावता येत नाही. कादंबरीचा निकष नाटकाच्या संहितेला लावण्यासारखंच ते आहे. संहिता प्रयोगातच पुरी होते.

संग्राहकांची चिकित्सा कमी प्रतीची आहे, असं मात्र मला म्हणायचं नाही. आरसी-१०च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना संग्राहक ‘एडिंजर’ आणि ‘कॅडिलॅक’ अशी नावं देतात. ती छापील पत्त्यांवरून पडली आहेत. कंपनी आधी एडिंजर नावाच्या रस्त्यावर होती, नंतर कॅडिलॅक नावाच्या. छापखान्याच्या पत्त्यावरून पुस्तकाची आवृत्ती ओळखावी, तशीच ही पद्धत. कुठला स्क्रू कधी बदलला, चासीवर कोणता शिक्का आहे, हे सांगणाऱ्यांचा व्यासंग मोठा आहे. उणीव एवढीच की ‘हा भाग कुणी आणि केव्हा बनवला’ इथे तो थांबतो. ‘हा भाग गाडीत काय करतो’ हा पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही.

तो विचारला नाही तर पुनर्निर्मितीपुढे ही चिकित्सा गोंधळून जाते. तामियाने २००४मध्ये हॉर्नेट, २००५मध्ये ग्रासहॉपर आणि २०१०मध्ये सँड स्कॉर्चर पुन्हा काढली. आरसी-१० २०१३मध्ये ‘क्लासिक’ म्हणून परतली. हे भाग मूळ कंपनीचेच, पण मूळ काळाचे नाहीत. त्यांतही बदल आहेत. फ्रॉग या १९८३च्या गाडीत मागच्या चाकांकडे गती नेणारे षट्कोनी शाफ्ट लवकर झिजत. बाहेरच्या कारागिरांनी त्यावर त्या काळातच उपाय काढले होते. गाडी पुन्हा निघाली तेव्हा कंपनीनेही शाफ्टची रचना बदलली. आधी भेसळ ठरलेला विचार अशा रीतीने मूळ संहितेत आला. आता १९८५चा बाहेरचा शाफ्ट अधिक अस्सल की पुनर्निर्मितीतला कंपनीचा? कारखान्याच्या नावावरून हा वाद सुटणार नाही.

म्हणून निकष बदलायला हवा. सुट्या भागाचं मोल त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरवावं, असं मी सुचवतो. एक चांगलं उदाहरण म्हणजे बॉल बेअरिंग. जुन्या स्वस्त संचांत चाकं साध्या बुशवर फिरत. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग घातली की घर्षण घटतं, बॅटरी जास्त वेळ पुरते, मोटर कमी तापते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि शेजारच्या प्रत्येक भागाचं आयुष्य वाढतं. ही उत्तम दुरुस्ती.

याउलट आज सर्वाधिक खपणारे भाग म्हणजे सीएनसी यंत्रावर कातलेले निळे, सोनेरी, जांभळे ॲल्युमिनियमचे आर्म. फोटोत ते झळकतात. पण प्लॅस्टिकचा आर्म धडकेत वाकतो आणि परत येतो. फारच झालं तर तुटतो आणि धक्का तिथेच संपतो. धातूचा आर्म न वाकता तो धक्का पुढे चासीकडे ढकलतो. आर्म बदलता येतो, चाळीस वर्षांची चासी मिळत नाही. बॅटरीचंही तसंच आहे. त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटरीचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट होत. आजची दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी नावाला ७.४ व्होल्टची, पण पूर्ण भारल्यावर ८.४ व्होल्टची असते आणि मागितला तेवढा प्रवाह देते. तिला आधुनिक ब्रशलेस मोटर जोडून ती ताकद ग्रासहॉपरच्या गिअरबॉक्सवर सोडली, तर दाते किती टिकणार? अशा भागांवर माझा आक्षेप ते नवे आहेत म्हणून नाही. ते फक्त स्वतःपुरते मजबूत आहेत, म्हणून आहे.

त्रिमितीय छपाईने या क्षेत्रात नवा अध्याय सुरू केला, हे मान्य करायला हवं. जो भाग कुणी पुन्हा साचा करून काढणार नाही, तो एखादा जाणकार संगणकावर रेखाटतो आणि हवे तेवढेच नग छापले जातात. पण त्यातही पारख लागते. घरगुती यंत्रावर थरावर थर चढवून छापलेला भाग थरांच्या सांध्यात कमजोर असतो. ओढ कोणत्या दिशेने बसणार हे ओळखून छापला नाही, तर दिसायला हुबेहूब भाग पहिल्याच उडीत दुभंगतो. शिवाय ही सोय अक्षय नाही. जुलै २०२४मध्ये शेपवेज या छपाई कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिच्यामार्फत असे भाग विकणाऱ्या छोट्या रचनाकारांची दुकानं रातोरात बंद झाली. साचा हरवू शकतो, तशी संगणकातली फाइलही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती १९६६मध्ये पूर्ण झाली. संपादकांनी जे श्लोक मुख्य संहितेत घेतले नाहीत, ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवून ठेवले. वाचकाला निर्णयही दिसतो आणि निर्णयाचा कच्चा मालही. जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारालाही हीच शिस्त हवी. बदल करावा, पण तो उलटवता येईल असा करावा. नवा भाग नवा म्हणून ओळखू यावा, त्यावर खूण असावी. काढलेला भाग खोक्यात चिठ्ठीसह जपावा. नव्या भागाला मुद्दाम जुनाट रूप देऊन ‘ओरिजिनल’ म्हणून खपवणं एवढीच काय ती खरी भेसळ.

हा निकष मी माझ्या गाडीला लावून पाहिला आणि अडचणीत आलो. दोन वर्षांपूर्वी गाडी पुन्हा उघडली, तेव्हा उजवा आर्म जिथे बसतो तिथे चासीला केसाएवढी चीर दिसली. डावीकडे, जिथे प्लॅस्टिकचा आर्म आहे, तिथे काही नव्हतं. वर ज्या भागांवर मी टीका केली, त्याच जातीचा हा भाग. फक्त तो निळा-सोनेरी नाही, त्यावर कानशीचे ओरखडे आहेत आणि तो वडिलांच्या हातचा आहे. निकष सर्वांना सारखाच लावायचा, तर तो उतरवायला हवा. पुनर्निर्मितीतला आर्म मागवून मी टेबलावर ठेवला होता, पण स्क्रू फिरवायला हात धजावत नव्हता.

शेवटी गाडी वडिलांपुढेच ठेवली. ते आता ऐंशीचे आहेत. त्यांनी भिंग मागवलं, चीर पाहिली, आर्म बोटांनी वाकवून पाहिला आणि म्हणाले, “चुकलंच माझं. तू रडत होतास म्हणून घाई केली. पक्कं करायच्या नादात कुठे तुटू द्यायचं तेच ठरवलं नाही. प्रेसमध्ये सुद्धा शिअर पिन मुद्दाम कच्ची ठेवतात.”

मी म्हटलं, “बाबा, पण हा काढायचा म्हणजे...”

“काढायचा. त्यात काय? नायलॉनची पट्टी आण, दहा मिलिमीटरची. आणि व्हर्निअर कुठे ठेवलंय?”

नवा आर्म त्यांनी महिनाभराने पुरा केला. हात थरथरतात म्हणून भोकं मी पाडली, खुणा त्यांनी केल्या. आतल्या बाजूला त्यांच्या सांगण्यावरून साल कोरलं आहे. चिरेवर आतून ठिगळ लावलं. जुना ॲल्युमिनियमचा आर्म मूळ खोक्यात आहे, ‘१९८६, चिंचवड, धातू, चासीला चीर गेली’ अशा चिठ्ठीसह. कंपनीचा आर्मही त्याच खोक्यात आहे, न वापरलेला. आता कुणी विचारलं, ‘सगळं ओरिजिनल आहे ना?’ तर मी खोकं पुढे करतो.