विटांवर टेकलेली गाडी

रोआल्ड डाल यांची 'डॅनी, द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड' ही कादंबरी १९७५ साली आली. श्रीमंताच्या जंगलातले फेझंट पक्षी चोरून पकडणारा एक बाप आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा, यांची गोष्ट म्हणून ती ओळखली जाते. ते खरंच आहे. पण मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो ते पहिल्या प्रकरणातल्या थोड्याशा मजकुरासाठी. तिथे घडत काहीच नाही. पेट्रोल पंपामागे उभ्या असलेल्या जुन्या जिप्सी गाडीत आपण बापलेक कसे राहायचो, एवढंच डॅनी सांगतो. मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांत घराचं इतकं नेमकं वर्णन मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

गाडी लाकडी आहे, मोठ्या चाकांची आहे आणि तिच्या अंगावर पिवळ्या, तांबड्या, निळ्या रंगांची नक्षी आहे. पूर्वी घोडा जुंपून ती इंग्लंडभर हिंडलेली. आता चाकांचे आरे कुजू लागले आहेत, म्हणून वडिलांनी खाली विटा लावून तिला आधार दिला आहे. डालना हा तपशील एका वाक्यात पुरला, पण सगळं घर या विटांवर उभं आहे. गाडी मोडीत काढलेली नाही आणि डागडुजी करून पुन्हा रस्त्यावर आणायचा बेतही नाही. तिचं फिरणं संपलं, राहणं चालू आहे. चार महिन्यांच्या मुलाला मागे ठेवून आई गेलेली, आणि त्या तान्ह्या पोराला एकट्याने वाढवणारा हा मेकॅनिक. त्याचा संसारही असाच कुठेतरी अचानक थांबलेला असणार. त्यानेही खाली विटा लावल्या आणि पुढे जगायला लागला. हे डाल कुठेही म्हणत नाहीत. विटांचा उल्लेख करून ते पुढे निघून जातात, आणि म्हणून तो मनात राहतो.

वडील डॅनीला सांगतात की ही गाडी निदान दीडशे वर्षांची आहे, तिच्यात कितीतरी जिप्सी मुलं जन्मली आणि वाढली. इथे इतिहास थोडा वेगळं बोलतो. भारतातून शेकडो वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेलेल्या या रोमा लोकांपैकी जे इंग्लंडात पोचले, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक तंबूतच राहत. गाडीत बिऱ्हाड थाटण्याची रीत त्यांच्यात साधारण १८५०च्या सुमाराला रुजली. शिवाय माणूस गेला की त्याची गाडी त्याच्या चीजवस्तूंसकट जाळून टाकायची, ही चाल त्यांच्यात पुष्कळ काळ होती. त्यामुळे इतकी जुनी, पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाढवलेली गाडी सापडणं अवघडच. मला हा दोष वाटत नाही. वय वडील सांगतात, लेखक नाही, आणि हे वडील गोष्टीवेल्हाळ आहेत. ज्या पोराला आजी-आजोबा, मामा-मावश्या कुणीच दिसत नाहीत, त्याच्या बिछान्याभोवती त्यांनी दीडशे वर्षांची मुलं आणून बसवली.

आता आत जाऊ. एकच खोली, आजच्या बऱ्यापैकी मोठ्या बाथरूमएवढी. मागच्या भिंतीला वरखाली दोन बर्थ, वरचा वडिलांचा, खालचा डॅनीचा. लाकडं जाळायची लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छपरातून वर गेलेलं. चहा किंवा रस्सा करायला रॉकेलचा स्टोव्ह, आढ्याला टांगलेला रॉकेलचा दिवा. दोन खुर्च्या, एक छोटं टेबल, कपड्यांचं इवलंसं खणांचं कपाट. शेजारच्या वर्कशॉपमध्ये वीज आहे, पण इतक्या खिळखिळ्या गाडीत तारा ओढणं धोक्याचं, म्हणून वीजवाल्यांनी इथे नकार दिलेला. आंघोळ म्हणजे किटलीत पाणी तापवून घमेल्यात ओतायचं आणि उभ्यानेच अंग घासायचं. संडास मागे शेतात, लाकडी खोपटात. उन्हाळ्यात ठीक, हिवाळ्यात हाडं गोठवणारा.

या रचनेतलं बरंचसं खऱ्या जिप्सी गाड्यांना धरून आहे. रेडिंग शहरात डंटन यांच्या कारखान्यात बांधलेल्या गाड्या फार नावाजलेल्या होत्या आणि त्या घाटाच्या गाड्यांना आजही 'रेडिंग'च म्हणतात. दार पुढे, घोड्याच्या बाजूला. पलंग मागे, गाडीच्या पूर्ण रुंदीचा. त्याच्या खाली सरकत्या दारांचा खण, रात्री मुलं त्यात झोपायची. म्हणजे मोठं माणूस वर आणि लेकरू खाली, हा क्रम डालनी मनाने रचलेला नाही. आत शिरताच शेगडी नेहमी डाव्या हाताला. कारण साधं आहे. इंग्लंडात गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने चालते आणि झाडांच्या फांद्याही त्याच कडेला वाकलेल्या असतात. पुढच्या दाराने मागे तोंड करून आत येणाऱ्याचा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू, रस्त्याच्या मधली. धुराडं त्या बाजूला असलं की फांद्यांना अडकत नाही. चालत्या घरातली कुठलीही वस्तू अशी विचार करूनच जागेवर बसलेली असते, आणि घर थांबलं तरी ती जागा बदलत नाही.

या सगळ्याची आज इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत मोठी हौस आहे. जुन्या जिप्सी गाड्या, मेंढपाळांच्या चाकांवरच्या झोपड्या, सर्कस-जत्रेवाल्यांच्या गाड्या, डबल डेकर बस, एवढंच काय, लष्करातून निवृत्त झालेली हेलिकॉप्टरंसुद्धा कुरणाच्या कडेला उभी करून, आत गाद्यागिर्द्या घालून रात्रीच्या भाड्याने देतात. याला ग्लॅम्पिंग म्हणतात; नाव अलीकडचं, कल्पना जुनी आहे. १९३३ सालीच लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने कामातून गेलेले प्रवासी डबे आडगावच्या स्टेशनांच्या कडेला लावून सुटीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. आजच्या अशा गाडीत काय काय मिळतं ते वाचलं तर डॅनीच्या खोलीचीच यादी समोर येते: लाकडांची शेगडी, वरखाली बिछाने, मंद दिवा, थोडं लांबचं न्हाणीघर. लोक त्यासाठी आवर्जून पैसे मोजतात आणि त्यांची ही ओढ मला अगदी खरी वाटते. चार खोल्यांच्या घरात चौघं चार दारांआड असतात. गाडीत दोन रात्री काढल्या की एकाने कूस बदललेली दुसऱ्याला कळते. हे सुख विकत घेता येतं, आणि घेणाऱ्यांनी जरूर घ्यावं. डाल त्याच वस्तू मांडून त्यांच्यातून काय काढतात, ते मात्र पाहण्यासारखं आहे.

ते प्रत्येक वस्तूचं वडिलांपासूनचं अंतर मोजतात. बर्थ वडिलांच्या बर्थच्या खाली, खुर्ची शेगडीजवळ, शेगडी खुर्चीत बसलेल्या वडिलांजवळ. डॅनीला गाडी सगळ्यात आवडते ती रात्री: दिव्याची वात बारीक केलेली, शेगडीत निखारे लाल झालेले आणि गोष्ट चाललेली. पण त्याच्या लेखी याहून मोठं सुख म्हणजे आपल्याला झोप लागल्यावरही वडील हातभर अंतरावर असतील ही खात्री. दुसरं एक बारकं वैशिष्ट्य डाल या वडिलांना देतात. ते ओठांनी हसत नाहीत, डोळ्यांनी हसतात. डॅनी याचा मोठा अभिमान बाळगतो, कारण तोंडाचं हसू खोटं काढता येतं, डोळ्यांचं नाही. मला यात गाडीचा आकारही दिसतो. डोळ्यांतली चमक लांबून कळत नाही. असं हसणारा माणूस ओळखायला त्याच्याजवळ राहावं लागतं, आणि या खोलीत दुसरं काही शक्यच नाही.

या खोलीत सांगितली जाणारी गोष्ट असते एका प्रचंड राक्षसाची. तो रात्री फिरतो, स्वप्नं पकडून बाटल्यांत भरतो आणि झोपलेल्या मुलांच्या खोल्यांत ती फुंकून सोडतो. हाच राक्षस पुढे १९८२ मध्ये 'द बीएफजी' या स्वतंत्र पुस्तकाचा नायक झाला. इतक्या अवाढव्य पात्राचा जन्म डालनी इतक्या लहान खोलीत दाखवला, ही निवड मला फार आवडते.

आणि सफरचंदं. गाडीच्या मागेच एक जुनं झाड आहे, सप्टेंबरच्या मध्याला त्याची फळं पिकतात. काही फांद्या गाडीवर झुकलेल्या आहेत. रात्री वारा सुटला की फळं छपरावर पडतात, डॅनीला झोपेत ते आवाज ऐकू येतात आणि भीती वाटत नाही, कारण आवाज कशाचा हे त्याला ठाऊक असतं. पहिल्या वाचनात ही गावाकडची एक गोड खूण वाटते. पण थोड्याच पानांनंतर एका रात्री डॅनीला जाग येते आणि तो वरच्या बर्थवरच्या श्वासाचा कानोसा घेतो. वर काहीच ऐकू येत नाही. वडील गाडीत नाहीत.

डालनी हे किती आधीपासून जुळवत आणलं होतं, ते इथे लक्षात येतं. डोक्यावरच्या आवाजांना भिऊ नये, हे त्यांनी सफरचंदांच्या निमित्ताने आपल्याला शिकवून ठेवलं. आता डोक्यावर आवाज नाही, आणि भीती तिथून सुरू होते. मोठ्या घरात मुलगा उठला असता, जिना उतरला असता, स्वयंपाकघरात डोकावला असता; शोधण्यात थोडा वेळ गेला असता आणि तेवढी आशा टिकली असती. इथे अंधारात कान टवकारला की सगळं घर तपासून झालं. ज्या जवळिकीने इतकी वर्षं निश्चिंत झोप दिली, तीच आता एका क्षणात सगळं सांगून टाकते. डॅनी पांघरूण घेऊन दाराशी वाट बघत बसतो. बऱ्याच वेळाने शेत ओलांडून वडील येतात आणि त्या रात्री त्याला आपलं गुपित सांगतात: ते चोरटी शिकार करतात. पुढची सारी कादंबरी या गुपितातून वाढते.

तिच्यात नंतर वाहनांची रेलचेल आहे. जंगलाचे मालक व्हिक्टर हेझल यांची चकचकीत रोल्स-रॉइस. वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेली बेबी ऑस्टिन; दुसऱ्यांदा वडील वेळेवर परत येत नाहीत तेव्हा डॅनी हीच गाडी मध्यरात्री एकट्याने रस्त्यावर काढतो. वडील फेझंट चोरांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडून घोटा मोडून बसलेले असतात. ते प्रकरण वाचताना आजही छातीत धडधडतं. आणि सर्वांवर कडी करणारी गावच्या पाद्र्याच्या बायकोची बाबागाडी: खोलगट तळाची, वर तान्हं बाळ, खाली झोपेच्या गोळ्या भरलेले बेदाणे खाऊन गुंगलेले फेझंट. तेही रूपांतरित वाहनच म्हणायचं. पक्षी ऐन रस्त्यात जागे होऊन बाबागाडीतून बाहेर पडतात, पंपावर येतात आणि हेझल यांच्या रोल्स-रॉइसवर पसरतात. जिप्सी गाडीसमोर उभी राहिली की त्या मोटारीचा सगळा तोरा उतरतो. हेझल यांना ही जमीन हवी असते, आणि वडिलांनी त्यांना पेट्रोल द्यायला नकार दिल्यापासून तऱ्हेतऱ्हेचे तपासनीस दारात येऊ लागतात. ती विटांवरची गाडी हलवता येत नाही, हेच त्यांचं दुखणं. थांबलेलं वाहन असं ताकदीचं होऊ शकतं, हे या पुस्तकात मला पहिल्यांदा दिसलं.

फेझंट आणि बेदाण्यांची युक्ती डालनी आधी 'द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड' या मोठ्यांसाठीच्या कथेत वापरली होती. तिथे दोन प्रौढ मित्र आहेत, बापलेक नाहीत. कथा चुरचुरीत आहे, वाचून होते आणि संपते. कादंबरी करताना त्यांनी तिच्यात मुलगा आणला आणि त्याला झोपायला ही गाडी दिली. बकिंगहॅमशायरमधल्या ग्रेट मिसेंडेन गावी डाल यांच्या बागेत अशी एक खरी जिप्सी गाडी होती, त्यांची मुलं तिच्यात खेळायची. घराचं नावही जिप्सी हाउस. डाल स्वतः तीन वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. तेव्हा खालच्या बर्थवरून वरच्या श्वासाकडे कान लावणं त्यांनी कुठून आणलं असेल, याचा अंदाज वाचकाने आपापला करावा.

शेवटच्या प्रकरणाबद्दल काहींची तक्रार असते की फेझंट उडून गेल्यावर पुस्तक रेंगाळतं. मला ते प्रकरण हवंच वाटतं. सगळे निघून गेले आहेत, वडिलांच्या पायाला प्लास्टर आहे, आणि बापलेक चालत गावाकडे निघतात, वर्कशॉपसाठी विजेची भट्टी विकत घ्यायला. वाटेत बेत चालू आहेत: काय भाजायचं, गावचे डॉक्टर स्पेन्सर आणि त्यांच्या पत्नीला जेवायला कधी बोलवायचं. बाथरूमएवढ्या खोलीत, दोन खुर्च्यांच्या घरात, चार माणसांची पंगत बसवायचा हा बेत आहे, आणि दोघांपैकी एकालाही त्यात काही अवघड वाटत नाही.