पाण्याच्या पोटात जाळ

पुण्याच्या थंडीत खोली तापवायची रीत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तरी आपण खिडक्या लावतो, स्वेटर चढवतो आणि सकाळी कढत पाण्याच्या दोन बादल्या अंगावर घेऊन दिवसाला सामोरे जातो. थंड मुलखातल्या घरांत लोखंडी शेगडी बैठकीच्या खोलीत मानाची जागा अडवून बसते. आपल्याकडे तो मान न्हाणीच्या दाराशी उभ्या असलेल्या तांब्याच्या बंबाचा. लाकडावर घर ऊबदार ठेवण्याच्या कलेविषयी मराठीत काही बोलायचे तर बंबासमोर उकिडवे बसूनच बोलावे लागते. आणि बंब नुसता आठवणी काढून उसासे टाकण्याची वस्तू नाही. त्याची रचना नेमकी आहे, तिच्यातला प्रत्येक भाग काहीतरी काम करतो, आणि एका जागी ती चक्क फसली आहे. रसग्रहणाला आणखी काय लागते?

माझ्यासमोरचा बंब खडकवासल्याच्या जुन्या गावठाणातल्या एका घरातला. खडकवासल्याला थंडी पेठांपेक्षा जरा अधिकच. हिवाळ्यात तापमानाच्या बातम्या वाचल्या तर इथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, म्हणजे एनडीएचा, आकडा शहरातल्या शिवाजीनगरच्या आकड्याखाली गेलेला वारंवार दिसेल. मोकळे रान, रात्री सिंहगडाच्या रांगेवरून उतरून मुठेच्या खोऱ्यात साचणारी गार हवा आणि काँक्रीटचा तुटवडा, ही त्यामागची कारणे. तुटवडा आता झपाट्याने भरून निघतो आहे. 2021 साली गाव महापालिकेत आले आणि सिंहगड रस्त्याने इमारती धरणाच्या भिंतीपर्यंत येऊन टेकल्या. तरी कौलारू घरांच्या परसात अजून एखादा बंब धुगधुगताना दिसतो.

बाहेरून पाहिले तर तो एक तांब्याचा उभा पिंप आहे. तीन पाय, दोन कड्या, खाली तोटी, वर एका बाजूला पाणी ओतायचे नरसाळे. खरी करामत पोटात आहे. पिंपाच्या मधोमध बुडापासून माथ्यापर्यंत एक नळी जाते. तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा आणि हवा आत यायला तोंड. जाळ या नळीत पेटतो आणि त्याला चहूबाजूंनी पाणी वेढून असते. लाकूड वरून टाकायचे, धूरही वरूनच जायचा. म्हणजे चूल आणि धुराडे एकच, आणि दोन्ही पाण्यात बुडवलेली.

हे किती शहाणपणाचे आहे ते समजायला तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेला हंडा आठवावा. ज्वाला हंड्याच्या बुडाला लागते, कडेने वर सरकते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण पंधरा मेगाज्यूल असते. हिशेबाने 170 ग्रॅमच्या आसपास लाकूड पुरायला हवे. पण उघड्या चुलीतली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्यात पोहोचते, बाकीची अंगण तापवते. त्यामुळे किलो-दीड किलो लाकूड सहज खपते. बंबात उष्णतेला पळायला एकच वाट ठेवली आहे, आणि त्या वाटेच्या दोन्ही कडांना पाणी आहे. वरच्या तोंडातून धूर बाहेर पडेपर्यंत त्याने आपला बराचसा ऐवज पाण्याच्या हवाली केलेला असतो. रशियन समोवार आणि काश्मिरी समावार याच घराण्यातले. त्यांनी चहाची वाट धरली, आपण अभ्यंगाची.

तांब्याचे कौतुक मात्र जरा जपून करायला हवे. तांबे उष्णता झपाट्याने वाहते म्हणून बंब लवकर तापतो, असे सगळेच सांगतात. तांबे वाहते हे खरेच, लोखंडाच्या पाचपट. पण इथे अडचण धातूच्या जाडीत नाहीच. गरम वायू आणि नळीची भिंत यांच्या मधे हवेचा जो मंद, चिकट थर असतो तो खरा आडकाठी घालतो, आणि त्याला भिंत तांब्याची की पोलादाची याचे सोयरसुतक नसते. तांब्याची खरी थोरवी वेगळी आहे. ते गंजत नाही आणि हातोडीचे ऐकते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पत्र्यावर ठोके पाडून मठारकाम होते, तेव्हा त्या ठोक्यांनी पत्रा नुसता सजत नाही. तो घट्ट होतो, पातळ असूनही पाण्याचे वजन पेलतो. बंबाच्या अंगावरच्या त्या बारीक खळग्यांना नक्षी म्हणणाऱ्यांनी एकदा आळीत उभे राहून तो आवाज ऐकावा.

दुसरी गंमत चकाकीची. दिवाळीच्या आधी बंब चिंचेने किंवा पितांबरीने घासायचा, हे काम घरातल्या धाकट्यांच्या वाट्याला यायचे आणि सगळे ते कुरकुरत करायचे. घासलेले तांबे उष्णता बाहेर फेकण्यात फार कंजूष असते; काळवंडलेले, काजळी धरलेले अंग त्याच्या कितीतरी पट उधळपट्टी करते. चाळीस लिटर तापलेले पाणी तासभर उभे राहिले तर या एका गोष्टीने काही अंशांचा फरक पडू शकतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या शेवटच्या माणसालाही, म्हणजे बहुतेक आईलाच, पुरेसे कढत पाणी मिळायचे त्यात त्या चिंचेचा थोडा वाटा होता.

आता तोटी. या बंबाची तोटी बुडापासून चार बोटे वर बसवलेली आहे. कितीही पाणी काढा, तळाशी थोडे उरतेच. यात तांबटाने घरातल्या विसराळू माणसाचा विचार करून ठेवला आहे. बंबाचे सांधे झाळून, डाग देऊन जोडलेले असतात. आत पाणी असेपर्यंत धातू शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण पाणी त्याला जाऊ देत नाही. पण कोरड्या बंबात जाळ केला तर डाग वितळतो आणि बंब कायमचा गळू लागतो. म्हणून आधी पाणी, मग आग, हा क्रम घराघरांत मुलांना दटावून शिकवलेला असायचा. नरसाळ्यातून गार पाणी ओतत राहायचे आणि तोटीखाली घंघाळ धरायचे. घंघाळात विसण घालून पाणी बेताचे करायचे. पोटात आग असलेल्या भांड्याशी माणसाचा व्यवहार असा सगळा पाण्यामार्फत होतो.

इथवर बंब निर्दोष वाटतो. पण लाकूड टाकताच तो धुरतो, आणि चांगलाच धुरतो. दोष नेमका त्याच्या गुणातच आहे. लाकूड तापले की त्यातला मोठा भाग वायू होऊन बाहेर पडतो. वजनाने पाऊण हिस्सा तरी. हा वायू पेटून पूर्ण जळायला सहाशे-सातशे अंशांची धग, पुरेशी हवा आणि थोडी सवड लागते. बंबात त्याला भेटते काय, तर पाण्याने गार राखलेली तांब्याची भिंत. ज्वाला तिला लागते आणि विझते. न जळलेला वायू काजळी आणि डांबर होऊन नळीला चिकटतो, उरलेला शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. धूर म्हणजे वाया गेलेले सरपणच. बंबाला उष्णता गोळा करायची घाई इतकी, की तो जळण पुरते होऊ देत नाही. चांगल्या आधुनिक लाकूडशेगडीत नेमका उलटा क्रम असतो. आत अग्निविटांचे अस्तर, त्यामुळे जळण्याची जागा धगधगीत राहते. वरून वेगळी गरम हवा सोडून वायू जाळून टाकतात. आणि मगच त्या स्वच्छ, तापलेल्या वायूंकडून उष्णता काढून घेतात. आधी पुरते जाळा, मग लुटा. समोवारवाल्यांनी यावर सोपी पळवाट काढली: ते बहुधा कोळसाच वापरतात. कोळशातला वायू आधीच निघून गेलेला असतो, मग धूर करायला उरते काय?

आपल्या बायकांनी ही उणीव हाताने भरून काढली. बंब पेटवताना पाहिले तर कळते. नळी ओंडक्यांनी ठासत नाहीत. आधी चिपाडे, काटक्या. जाळ धरला की बोटभर जाडीच्या ढलप्या, एका वेळी मूठभर. जाळीवर निखारे लाल झाले की मग करवंट्या, त्या फार झकास जळतात, किंवा गोवरीचा तुकडा. थोडे थोडे टाकल्याने प्रत्येक ढलपी तापलेल्या निखाऱ्यावर पडते आणि तिचा वायू पेट घेतो. एकदम भरलेली नळी मात्र अर्धा तास नुसती धुमसते आणि आख्ख्या आळीला खोकायला लावते. बाभळीसारखे जड लाकूड बंबाला चांगले, कारण त्याचे निखारे टिकतात. पण ते चिरून बारीक करायचा कंटाळा येतो, म्हणून लोक सरळ खोडच्या खोड वरून खुपसतात आणि मग बंबाला नावे ठेवतात.

त्याहून महत्त्वाचे आहे वाळवणे. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असते. ते पाणी वाफ करून उडवण्यात उष्णता जातेच, शिवाय जाळ इतका थंडावतो की वायू पेटतच नाही. फांद्या हिवाळ्यात तोडून, लगेच फोडून, उन्हाळाभर उन्हावाऱ्यात रचून ठेवायच्या आणि मृगाच्या आत पडवीत घ्यायच्या, ही आगोटीची कामे. मावळच्या पावसाने एकदा सरपण भिजवले की पुढचे चार महिने धूर ठरलेला. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला भेगा दिसतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार येतो. ओले लाकूड थप्प वाजते. एवढी परीक्षा कोणालाही करता येते.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण इथे रसिकपणा जिवावर बेततो. बंब उघड्यावरचा. परसात, पडवीत, फार तर वर मोकळे कौल असलेल्या न्हाणीत. बंद न्हाणीघरात निखाऱ्यांचा बंब ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि निखारे लाल असताना, धूर दिसतही नसताना, तो सर्वांत फसवा. गॅस गिझरने बंद बाथरूममध्ये जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, तोच हा वायू. नळीवरचे टोपण लावायचे ते आग पूर्ण विझल्यावरच. विझल्यावर मात्र जरूर लावावे, कारण उघड्या नळीतून गार हवा वर ओढली जाते आणि तापलेले पाणी आतूनच निवत बसते.

बंबाचा राहिलेला अर्धा धडा पुण्यातच पुढे लिहिला गेला आहे. आनंद कर्वे यांनी 1996 साली स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली. 2002 साली तिला ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा सराई कुकर शंभरेक ग्रॅम कोळशावर घरचे जेवण शिजवतो, ते उष्णतेला बाहेर पडायची वाट न ठेवल्यामुळे. बंबाचीच युक्ती, स्वयंपाकघरात आलेली. ‘संपदा’ ही शेगडी दुसऱ्या टोकाने जाते: लाकडाचे तुकडे वरून पेटवायचे, आग हळूहळू खाली सरकते, निघणारा वायू माथ्यावरच्या धगीत जळून जातो आणि तळाशी कोळसा उरतो. मला संपदा आणि बंब यांची सोयरीक जुळवावीशी वाटते. संपदेवर पिठले-भाकरी करावी आणि तिचा उरलेला कोळसा बंबात टाकावा. जळण्याचे काम तिने करावे, गोळा करण्याचे त्याने. दोघेही आपापल्या कामात पटाईत आहेत.

पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बंब आणू नये, हे वेगळे सांगायला नको. तिथे गच्चीवरचा सौर हीटर जास्त शहाणा. ढगाळ दिवशी विजेवरच्या गिझरला वीस लिटरच्या त्याच कामाला पाऊण युनिटही लागत नाही. पण तांबट आळीतून आणलेला बंब हॉटेलच्या दारात उभा करून त्याच्या नळीत मनीप्लांट लावतात, ते पाहवत नाही. ज्यांच्याकडे अंगण आहे, झाडांची छाटणी दरवर्षी निघते आणि शेजारी चार हात लांब आहे, त्यांनी जुना बंब जरूर घ्यावा. घेताना बाहेरच्या चकाकीला भुलू नये. वरच्या तोंडातून बॅटरी मारून नळी पाहावी: काजळीचे पोपडे खरवडून निघतात, पण हिरवट डाग दिसला तर तिथे पाणी झिरपते आहे. बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावा आणि सकाळी पायांच्या आसपास ओल आहे का ते बघावे. तोटी बदलून मिळते, जाळीही नवी करून घेता येते. नळीचा सांधा गेला असेल तर मात्र तो तांबटाकडेच न्यावा, आणि भाव ठरवताना ते काम धरावे.